आल्डो फान आइक : वाळूचा हौद, अनाथाश्रम आणि मोकळी सोडलेली जागा

ओसरी (धागालेखक)

१९४४-४५ च्या हिवाळ्यात ॲमस्टरडॅममधले अन्न संपत आले होते आणि जळणही. ज्यू वस्तीतल्या ज्या घरांतून माणसांना छळछावण्यांकडे नेण्यात आले होते, त्या ओस घरांच्या तुळया, जिने आणि दारे लोकांनी थंडीत जीव जगवण्यासाठी काढून नेली, आणि आधार गेलेली ती घरे पुढे कोसळली किंवा पाडावी लागली. युद्ध संपले तेव्हा शहराच्या मध्यभागात अशा अरुंद, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या उघड्या भिंती असलेल्या जागा ठिकठिकाणी उरल्या होत्या. आल्डो फान आइक या डच वास्तुरचनाकाराची ओळख करून देताना बहुतेक जण त्यांच्या अनाथाश्रमाच्या इमारतीपासून सुरुवात करतात. मला मात्र या रिकाम्या जागांपासून आणि त्यांत पुढे आलेल्या वाळूच्या हौदांपासून सुरुवात करावीशी वाटते, कारण त्यांचे उत्तम काम तेथे आहे असे माझे मत आहे.

चरित्राचा भाग थोडक्यात सांगतो. फान आइक यांचा जन्म १६ मार्च १९१८ रोजी नेदरलँड्समधील द्रीबर्गन येथे झाला. वडील पीटर निकोलास फान आइक हे नावाजलेले कवी आणि एका डच वृत्तपत्राचे लंडनमधील वार्ताहर होते, त्यामुळे मुलाचे सारे बालपण आणि शालेय शिक्षण इंग्लंडमध्ये झाले. वास्तुशास्त्र ते झुरिकच्या तंत्रविद्यापीठात शिकले. युद्धामुळे स्वित्झर्लंडमध्येच अडकून पडलेल्या त्या वर्षांत कलासमीक्षक कारोला गीडिऑन-वेल्कर यांच्याकडे त्यांचे जाणे-येणे होते, आणि आधुनिक चित्रकला व शिल्पकला त्यांनी त्या घरात जवळून पाहिली. सहाध्यायी हॅनी फान रोयन यांच्याशी त्यांचा विवाहही त्याच काळातला. १९४६ मध्ये ते ॲमस्टरडॅमला आले आणि महापालिकेच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या नगररचना विभागात नोकरीला लागले. तेथे कॉर्नेलिस फान एस्टेरन आणि याकोबा मुल्डर हे त्यांचे वरिष्ठ होते.

खेळाच्या जागांची कल्पना मुल्डर यांची. पहिली जागा १९४७ मध्ये बेर्टेलमानप्लाइन या छोट्या चौकात झाली. तिच्यात काँक्रीटचा रुंद काठाचा वाळूचा हौद, चार गोल दगड, कोलांट्या मारण्यासाठी लोखंडी दांड्या, काही बाके आणि झाडे यांपलीकडे फारसे काही नव्हते. ती झाल्यावर इतर मोहल्ल्यांतले नागरिक महापालिकेला पत्रे लिहू लागले की आमच्याकडेही अशी जागा करून द्या, आणि १९४७ ते १९७८ या काळात फान आइक यांनी अशा सातशेहून अधिक जागांचे आराखडे केले. १९५१ मध्ये ते नोकरी सोडून स्वतंत्र व्यवसाय करू लागले, तरी हे काम त्यांच्याकडेच राहिले.

या जागांमध्ये काय नव्हते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. हत्ती, घोडा, विमान अशा आकारांची खेळणी त्यांनी ठेवली नाहीत. धातूच्या हत्तीबरोबर मूल हत्तीचाच खेळ खेळणार. अर्धगोल लोखंडी कमान मात्र एका मुलाला डोंगर, दुसऱ्याला जहाज आणि तिसऱ्याला केवळ उलटे लटकून गप्पा मारण्याची जागा वाटू शकते. जागेभोवती उंच कुंपणही सहसा नव्हते. हौदाचा काठ इतका रुंद आणि सपाट ठेवलेला असे की त्यावर मूल वाळूच्या वड्या पाडू शकेल आणि आईलाही टेकता येईल. शिवाय हौद बहुधा जागेच्या बरोबर मध्यावर नसे. तो एका बाजूला, दगड दुसऱ्या बाजूला, दांड्या तिरप्या कोनात, आणि या सगळ्यांमधले अंतर मोजून मोकळे सोडलेले. कागदावर हे आराखडे पाहिले तर एखादे अमूर्त चित्र पाहिल्यासारखे वाटते, आणि ते योगायोगाने घडलेले नाही. १९४९ मध्ये ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात भरलेल्या कोब्रा गटाच्या चित्रप्रदर्शनाची मांडणी फान आइक यांनीच केली होती.

त्या काळच्या आधुनिक वास्तुविचारावर सियाम या आंतरराष्ट्रीय परिषदेचा मोठा पगडा होता. राहणे, काम, विश्रांती आणि वाहतूक अशी शहराची चार कामे वेगळी काढून प्रत्येकासाठी वेगळा पट्टा आखायचा, हा तिचा मार्ग होता. १९४७ च्या ब्रिजवॉटर येथील बैठकीतच या तरुण सदस्याने त्या यांत्रिक दृष्टीविरुद्ध आवाज उठवला, आणि पुढे अ‍ॅलिसन व पीटर स्मिथसन, याकोब बाकेमा, जॉर्ज कांदिलिस आदी समवयस्कांबरोबर 'टीम टेन' या गटात राहून १९५९ च्या ऑटरलो परिषदेत सियामचा शेवटही पाहिला. मला मात्र असे वाटते की त्यांच्या भाषणांपेक्षा हे हौद अधिक बोलके आहेत. शहराचे कोणते कार्य कोणत्या पट्ट्यात, हा प्रश्न रस्त्याच्या कोपऱ्यावर वाळूत बसलेल्या मुलाने आपोआप मोडीत काढला होता.

आता अनाथाश्रम. 'बुर्गरवेसहाउस' ही ॲमस्टरडॅमची कित्येक शतके जुनी संस्था. तिची शहराच्या मध्यातील जुनी वास्तू पुढे संग्रहालय झाली. शहराच्या दक्षिण कडेला नवी इमारत बांधण्याचे काम १९५५ मध्ये फान आइक यांच्याकडे आले आणि १९६० मध्ये ते पुरे झाले. तान्ह्या बाळांपासून वीस वर्षांपर्यंतची सुमारे १२५ मुले वयानुसार आठ गटांत राहणार होती. प्रत्येक गटाला स्वतःचे छोटे घर, स्वतःचा चौक, आणि या सगळ्या घरांना जोडणारी, आतून जाणारी एक नागमोडी गल्ली. या गल्लीच्या भिंती बाहेरच्या भिंतींसारख्याच ठेवल्या होत्या, जेणेकरून आपल्या गटाच्या दारातून बाहेर पडणारे मूल आधी गल्लीत येईल आणि मग जगात. घर म्हणजे लहानसे शहर आणि शहर म्हणजे मोठे घर, हे त्यांचे आवडते सूत्र येथे विटा आणि काँक्रीटमध्ये उतरले.

मला स्वतःला हौद या इमारतीहून सरस वाटतात. जाणकारांनी मतभेद अवश्य मांडावेत.

तुळई

लेख आवडला, पण अनाथाश्रमाच्या बांधणीवरून आपण फार घाईने पुढे गेलात, म्हणून थोडी भर घालतो.

संपूर्ण इमारत ३.३६ मीटर बाजूच्या चौरसावर आखलेली आहे. गोल खांब, त्यांवर आधी साच्यात ओतून आणलेल्या काँक्रीटच्या तुळया, आणि प्रत्येक चौरसावर प्रीकास्ट काँक्रीटचा एक उथळ घुमट, असे हे एकक. असे ३२८ लहान घुमट आहेत. त्याखेरीज आठ मोठे घुमट आहेत, प्रत्येक गटाच्या मुख्य खोलीवर एक. त्याची बाजू लहान चौरसाच्या तिप्पट. तुळयांच्या मध्ये एक लांबट फट ठेवलेली आहे. तिच्यामुळे तुळई हलकी दिसते, आणि तुळईच्या खाली भिंत असो, काच असो किंवा काहीच नसो, वरची ओळ सर्वत्र सारखीच चालू राहते.

अभियंता म्हणून मला याचे कौतुक अशासाठी वाटते की कारखान्यात एकाच साच्यातून निघणारा भाग वापरूनही इमारतीत कोठे कंटाळवाणी पुनरावृत्ती जाणवत नाही. गटांची घरे तिरप्या ओळीने एकापुढे एक सरकवल्यामुळे प्रत्येक घराला बाहेरची बाजू मिळाली आणि लांबलचक सरळ मार्गिका टळली. युद्धोत्तर युरोपात प्रीकास्ट म्हटले की एकसारख्या दहा मजली इमारतींच्या रांगा डोळ्यांसमोर येतात. त्याच तंत्राने, त्याच दशकात हेही होऊ शकत होते. पैसा आणि वेळ वाचवण्यासाठी तसेच करावे लागते, हे आमच्या क्षेत्रातले नेहमीचे उत्तर या इमारतीसमोर मला लटके वाटते.

गवंडीकाका

तुळई यांच्याशी बांधणीपुरता मी सहमत आहे. पण ओसरी यांचा मूळ मुद्दा वेगळा आहे आणि तो मला पटतो, किंबहुना तो त्यांनी पुरेसा ताणलेला नाही.

हौदात मुलाला मोकळीक होती, कारण वास्तुरचनाकाराने तेथे जवळजवळ काहीच केलेले नव्हते. अनाथाश्रमात मात्र त्यांनी प्रत्येक कोपऱ्याचा विचार करून ठेवला. येथे दोन पायऱ्या उतरायच्या, येथे गोल ओट्यावर बसायचे, येथे भिंतीत बसवलेल्या छोट्या आरशात तोंड पाहायचे. मुलांवरच्या मायेतून हे झाले, याविषयी मला शंका नाही. परंतु एखाद्याने तुमच्यासाठी इतका विचार करून ठेवला की तुम्हाला करण्यासारखे थोडेच उरते. पुढे मुलांच्या संगोपनाच्या कल्पना बदलल्या, मोठ्या संस्थांऐवजी लहान घरांत मुले ठेवावीत असा विचार पुढे आला, आणि इतक्या काटेकोरपणे बेतलेली इमारत त्या बदलाला सामावून घेऊ शकली नाही. आतले बरेच काही बदलले गेले, आणि १९८० च्या दशकात तर तिचा भाग पाडण्याचा बेत झाला. वाळूचा हौद मात्र ज्याला हवा तसा वापरता येत होता. तो पाडला गेला तर मोटारी उभ्या करण्यासाठी. तो जुना झाला म्हणून नव्हे.

ओसरी

गवंडीकाका, आपला आक्षेप वजनदार आहे, तरी मी अनाथाश्रमाची एक बाजू मांडतो. मूळ लेखात ती राहून गेली.

फान आइक यांच्या विचाराचा गाभा म्हणजे 'मधली जागा'. आत आणि बाहेर, एकटेपणा आणि समूह, लहान आणि मोठे या जोड्यांपैकी एकाची निवड करून दुसऱ्याला घालवून देऊ नये. दोन्ही जेथे एकमेकांना भेटतात ती जागा नीट बांधावी, असे ते म्हणत. दाराचा उंबरठा हे त्यांचे लाडके उदाहरण होते, आणि ते मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको. उंबरठ्यावर बसलेले माणूस घरात असते की बाहेर, हे आपल्याला कधी ठरवावे लागलेले नाही.

घर हरवलेल्या मुलासाठी हा उंबरठा फार महत्त्वाचा होता. शंभराहून अधिक मुलांच्या संस्थेत नवे आलेले सहा वर्षांचे मूल एकदम सभागृहात शिरत नाही. ते आधी आपल्या खोलीत, मग आपल्या गटात, मग चौकात, मग गल्लीत असे पुढे सरकते, आणि प्रत्येक टप्प्यावर त्याला थांबायला काही तरी हवे असते. ते गोल ओटे आणि त्या पायऱ्या म्हणजे हे थांबे होते. आपण म्हणता तसा त्यांचा अतिरेक झाला असेल. आरशांबाबत तर मी आपल्या बाजूचा आहे. पण मोकळी जागा मुलाला स्वातंत्र्य देते हे रस्त्यावरच्या मुलाबाबत खरे आहे, कारण त्याच्यामागे घर उभे असते. ज्याच्यामागे घरच नाही, त्याला मोकळी जागा कदाचित फक्त मोठी वाटते.

गवंडीकाका

शेवटचे वाक्य मान्य. आरशांवर तडजोड झाली हेही नसे थोडके.

निळाई

या चर्चेत फान आइक यांच्या प्रवासांचा उल्लेख यायला हवा, कारण 'मधली जागा' ही कल्पना केवळ ॲमस्टरडॅमच्या गल्ल्यांतून आलेली नाही. १९५० च्या दशकाच्या आरंभी ते सहारातील मातीच्या वस्त्यांपर्यंत गेले होते आणि १९६० मध्ये मालीतील डोगॉन लोकांची गावे पाहून आले. तेथील घर, धान्याचे कोठार, गाव आणि विश्वाची कल्पना हे सगळे एकाच नात्यात कसे गुंफलेले आहे, यावर त्यांनी पुढे विस्ताराने लिहिले. १९५९ पासून चार वर्षे ते 'फोरम' या डच नियतकालिकाच्या संपादक मंडळात होते आणि त्यातून हे विचार एका अख्ख्या पिढीपर्यंत पोहोचले.

ऑटरलो परिषदेत त्यांनी दोन वर्तुळांची एक आकृती मांडली होती. एका वर्तुळात ग्रीक देवालय, थिओ फान डूसबर्ग यांची आधुनिक रेखाकृती आणि प्वेब्लो लोकांचे गाव अशी तीन चित्रे शेजारी शेजारी, दुसऱ्यात माणसे. अभिजात, आधुनिक आणि लोकपरंपरा या तिघांनी एकमेकांना हाकलून लावू नये, असा त्याचा आशय. १९५९ साली, युरोपीय वसाहती अजून पुरत्या मोकळ्या झालेल्या नसताना, अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या गावाला ग्रीक देवालयाच्या बरोबरीने बसवणे ही साधी गोष्ट नव्हती.

तरीही माझी एक अडचण आहे. या वर्तुळांत किंवा त्या लेखनात प्वेब्लो किंवा डोगॉन माणूस स्वतः बोलत नाही. त्याचे गाव कालातीत, अढळ असल्यासारखे समोर येते. त्याच्या गावावर कर कोणी बसवले, तरुण मुले कामासाठी कोठे गेली, हा इतिहास त्या चित्रात नाही. फान आइक यांचा आदर खरा होता, पण ज्याला आपण आदराने काळाबाहेर ठेवतो, त्याच्याकडून आपण आपल्याला हवे तेवढेच शिकतो.

पारावरचा

निळाई यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून पेरूमधील लिमाचे उदाहरण देतो, कारण तेथे ज्यांच्यासाठी बांधले ते लोक पुढे 'बोलले', आणि त्यात आपल्या मुंबईच्या एका वास्तुरचनाकाराचाही संबंध येतो.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात पेरू सरकार आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांनी मिळून 'प्रेव्ही' हा स्वस्त घरांचा प्रयोग आखला. तेरा परदेशी आणि तेरा पेरूतील वास्तुरचनाकारांकडून आराखडे मागवले गेले. परदेशी तेरांमध्ये फान आइक होते, जेम्स स्टर्लिंग होते आणि आपले चार्ल्स कोरियाही होते. घरे ठेंगणी, पण दाट वस्तीची, आणि कुटुंबाच्या ऐपतीप्रमाणे पुढे वाढवता येतील अशी असावीत, ही अट होती. बहुतेकांचे आराखडे थोड्या थोड्या संख्येने प्रत्यक्ष बांधले गेले. एकूण सुमारे पाचशे घरे झाली.

फान आइक यांनी लिमाभोवतीच्या लोकांनी स्वतः उभारलेल्या वस्त्या आधी पाहिल्या. त्यांच्या लक्षात आले की जागा मिळाली की माणूस ती सगळी बांधून टाकतो आणि मग घरात उजेड व वारा येत नाही. म्हणून त्यांनी प्लॉटच्या सीमाभिंती तिरप्या कोनात आखल्या, जेणेकरून पुढचे-मागचे अंगण बांधून काढणे अवघड जावे. रहिवाशांनी काय केले? त्यांनी ती तिरपी टोकेही बांधून काढली, वर मजले चढवले, खाली दुकाने काढली. आज त्या वस्तीत कोणते मूळ घर कोणाचे, हे ओळखायला जाणकार सोबत लागतो.

कोरियांनीही तेथे चिंचोळ्या घरांच्या रांगा केल्या होत्या. पुढे १९८० च्या दशकात त्यांनी नवी मुंबईत बेलापूरला वाढवता येणाऱ्या घरांची वसाहत केली, प्रत्येक घर आपल्या प्लॉटवर स्वतंत्र आणि लहान चौकांभोवती गुंफलेले. एकाने दुसऱ्याकडून घेतले असे मी म्हणत नाही. बेलापूरलाही रहिवाशांनी मूळ घरे पुष्कळ बदलली आहेत, आणि घर वाढणारच हे कोरियांनी आराखड्यातच गृहीत धरले होते. फान आइक यांनी लिमात वाढ होईल हे मानले, पण ती कोणत्या दिशेने होऊ नये हेही भिंतीने सांगू पाहिले. गवंडीकाकांचा आक्षेप अनाथाश्रमापेक्षा येथे अधिक लागू पडतो, असे मला वाटते.

तुळई

पारावरचा, एक विचारतो. उजेड-वाऱ्यासाठी अंगण राखावे हा आग्रह चुकीचा होता का? पुढच्या पिढीला खोल्या अंधाऱ्या मिळाल्या, तर त्याचा दोष बांधणाऱ्या कुटुंबाला देणार की अंगण राखू पाहणाऱ्याला?

पारावरचा

आग्रह बरोबर होता. भिंत वाकडी करून तो पाळला जाईल ही अपेक्षा भाबडी होती.

कालव्याकाठी

मी बरीच वर्षे ॲमस्टरडॅममध्ये राहते, म्हणून येथे आज काय दिसते ते लिहिते. चर्चेत त्यांच्या नंतरच्या कामाचा उल्लेख आलेला नाही, तोही करते.

प्लांटाज मिडनलान या रस्त्यावर एकल मातांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी बांधलेले ह्युबर्टस गृह आहे. १९७० च्या दशकात आखलेली ही इमारत जुन्या घरांच्या रांगेत बसवलेली आहे. तिच्या लोखंडी चौकटींना लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा असे इंद्रधनुष्याचे रंग दिलेले आहेत. छायाचित्रांत ते भडक वाटतात. ढगाळ दिवशी, म्हणजे येथे वर्षातले बहुतेक दिवस, रस्त्यावरून पाहताना तसे वाटत नाहीत. अनाथाश्रम शहराच्या कडेला एकटा उभा होता. येथे मात्र त्यांनी शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लावून काम केले, आणि माझ्या मते ते त्यांना अधिक साधले.

त्याच काळात निउमार्क्ट या जुन्या वस्तीत मेट्रोसाठी आणि रुंद रस्त्यासाठी घरे पाडण्याचा घाट महापालिकेने घातला होता. १९७५ मध्ये त्यावरून तेथे दंगलीही झाल्या. मेट्रो झाली, पण रस्ता टळला. फान आइक आणि त्यांचे भागीदार थिओ बोश हे या भागात जुन्या रस्त्यांची वीण राखूनच नवी घरे बांधावीत या बाजूचे होते, आणि तेथील पुनर्बांधणीत त्यांच्या कार्यालयाचा मोठा वाटा आहे. युद्धात ओस पडलेल्या ज्या गल्ल्यांपासून ओसरी यांनी सुरुवात केली, त्याच या गल्ल्या. तेथील डाइकस्ट्राटमध्ये १९५४ साली दोन घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत त्यांनी खेळाची जागा केली होती.

अनाथाश्रमाविषयी एक दुरुस्ती. पाडण्याचा बेत झाला तेव्हा हेर्मान हेर्ट्झबर्गर यांच्या पुढाकाराने जगभरातल्या वास्तुरचनाकारांनी विरोध केला आणि इमारत वाचली. मात्र शेजारच्या जमिनीवर कार्यालयांच्या इमारती बांधायच्या ठरल्या, आणि 'ट्रिपोलिस' नावाच्या त्या इमारती १९९० च्या दशकात स्वतः फान आइक यांनी हॅनी यांच्यासह आखल्या. म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या या माणसाला आपल्या तरुणपणीच्या इमारतीशेजारी तिच्याहून कितीतरी उंच इमारती उभ्या कराव्या लागल्या. त्यांचे निधन जानेवारी १९९९ मध्ये झाले. अनाथाश्रम आता संरक्षित वारसा वास्तू आहे. मुले तेथे राहत नाहीत, कार्यालये आहेत.

आणि हौद. सातशेंपैकी मूळ स्वरूपात उरलेल्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, बाकीच्यांत रंगीत प्लॅस्टिकच्या घसरगुंड्या आणि खाली मऊ रबर आले. पण २०१३ मध्ये राइक्सम्युझियम नूतनीकरणानंतर उघडले तेव्हा शहराच्या पश्चिम भागातून काढलेल्या त्यांच्या काही लोखंडी चौकटी संग्रहालयाने आपल्या बागेत आणून बसवल्या. इतर वस्तूंना संग्रहालयात हात लावता येत नाही. यांवर मात्र मुले चढतात. मागच्या रविवारी मी तेथे होते. कमानीवरून एक मुलगी गुडघ्यांनी उलटी लटकली होती, आणि तिची आई शेजारच्या माणसाला विचारत होती की हे खेळण्यासाठी आहे की नुसते पाहण्यासाठी.